पोवळ्याची वैजू

मुरबाडच्या नाक्यावर वैजूचा पुतळा बसवण्याचे घाटत आहे, आणि त्या पुतळ्याच्या हातात तलवार आहे. नमुन्याचे छायाचित्र मी पाहिले. ड्रॅगनच्या पाठीवर ताठ बसलेली बाई, ड्रॅगनच्या तोंडातून ज्वाळेचा लोळ, आणि खाली चौथऱ्यावर ‘रणरागिणी’ हा शब्द. मी पुतळा समितीकडे रीतसर हरकत नोंदवली. समितीने ‘नोंद घेतली’ या दोन शब्दांत ती निकाली काढली. म्हणून हरकतीच्या अर्जात जे मावले नाही ते इथे मांडतो. वैजूने आयुष्यात तलवार धरली नाही. तिच्या कमरेला असायचे ते ओले पोते, ठिणगी उडाली तर झोडपून विझवायला. आणि तिच्या ड्रॅगनच्या, पोवळ्याच्या, तोंडून असा लोळ निघाला असता तर तिने त्याच्या जबड्याखाली चापट मारून दिवसभर त्याच्याशी अबोला धरला असता.

ज्या यादवीपायी हा पुतळा बसतो आहे ती कशावरून झाली असे आजच्या मुलांना विचारले तर ‘दोन गाद्यांवरून’ एवढेच उत्तर मिळते. खरे कारण एका कागदाचा अभाव हे होते. थोरल्या महाराजांनी मृत्युपत्र केले नाही. वारसाचे नाव आपल्या हयातीतच लिहून ठेवावे, अशी विनंतीपत्रे मी त्यांना वारंवार पाठवली होती. पोचपावत्या माझ्यापाशी आहेत. ते गेले, आणि एका पुतण्याने शहापूरकडे माहुलीवर गादी मांडली, दुसऱ्याने मुरबाडकडे सिद्धगडावर. मधल्या माणसांना कोणी काही विचारले नाही. दोन्ही तालुक्यांत सोयरिकी, म्हशाची जनावरांची जत्रा दोघांची एक, आणि एका सकाळी मुरबाडहून शहापूरला जाणारी एसटी बंद. माझी धाकटी बहीण शहापूरला दिलेली. ती त्या दिवसापासून शत्रुपक्षात मोजली जाऊ लागली. पन्नास वर्षे जिला मी राखीची ओवाळणी घातली, तिच्याशी फोनवर बोलणे हा गुन्हा ठरला. मी कोर्टातला निवृत्त शिरस्तेदार. कोणत्या कायद्याखाली गुन्हा, असे मी दोन्ही गाद्यांना लेखी विचारले. उत्तर आजतागायत नाही.

या युद्धात जी हत्यारे म्हणून वापरली गेली ती मुळात हत्यारे नव्हती. आमच्याकडे ड्रॅगन पाळतात ते राब भाजायला. भाताचे रोप जिथे टाकायचे त्या तुकड्यावर उन्हाळ्यात शेण, वाळक्या पानांचा पातेरा, तोडलेल्या फांद्या, गवत असे थर रचतात, वरून माती भुरभुरतात, आणि तो थर हळूहळू भाजून काढतात. आग मंद हवी, वाऱ्याच्या उलट चालणारी हवी, बांधाशी थांबणारी हवी. माणसाने काडी लावली तर ती ऐकेलच असे नाही. शिकवलेला ड्रॅगन ऐकतो. शेताच्या मालकाने स्वतः ‘लाव’ म्हटल्याशिवाय तो तोंड उघडत नाही, आणि भाजून झाल्यावर मालक भिजवलेल्या भाताची मूठ त्या राखेवर टाकतो. भिजल्या भाताचा आंबूस वास गरम राखेतून वर आला की जनावर तोंड मिटते, पंख आवळते आणि खाली बसते. पेरलेल्या जमिनीवर आग नाही, हा त्याचा पहिला धडा. म्हशाच्या जत्रेत जनावर घेताना गिऱ्हाईक आधी हाच वास देऊन पाहते. जनावर बसले नाही तर सौदा मोडतो. शहापूरचे असो वा मुरबाडचे, प्रत्येक जनावर याच परीक्षेतून गेलेले.

पोवळ्या ही परीक्षा पास झाला, बाकी सगळ्यांत नापास. पोवळ्याच्या रंगाचे ते पिलू जत्रेत कोणी घेईना, कारण त्याचा विस्तव अगदीच बसका होता आणि अंग रेडकाएवढे. वैजूच्या बापाने ते घेतले, कारण बाकीची परवडत नव्हती. सिद्धगडाच्या पायथ्याच्या पाड्यात त्यांचे घर. वैजू तेव्हा पोलीस भरतीच्या मागे होती. पहाटे डांबरी रस्त्यावर धावायची, गोळा म्हणून पाट्याचा वरवंटा फेकायची. भरतीत उंची बोटभर कमी पडली. ती घरी आली, पांढऱ्या पट्ट्यांची भरतीची विजार तशीच अंगात ठेवून पोवळ्याच्या पाठीवर बसली, आणि ती विजार मी पुढे कधी तिच्या अंगावरून उतरलेली पाहिली नाही.

तिला विनयशील म्हणणारे लोक तिला भेटलेले नाहीत. “माझ्यावानी स्वार तालुक्यात नाय,” हे ती स्वतःच सांगे, आणि समोरच्याने मान हलवेपर्यंत थांबे. उडण्याआधी केस विंचरून घट्ट वेणी घाली, वर गेल्यावर वाऱ्याने ती सुटे, खाली आल्यावर पुन्हा विंचरी. फोटो काढणाऱ्याला पोवळ्याची डावी बाजू घ्यायला लावी, कारण उजव्या पंखाला बाभळीने खोक पडली होती. आवाज असा की खालच्या पाड्यात तिने हाक मारली की वरच्या पाड्यातल्या कोंबड्या खुराड्यात शिरत.

आमची ओळख एका तक्रारीतून झाली. तिने पोवळ्याला मुरबाडच्या एसटी स्टँडवर उतरवले आणि स्वतः वडापाव खायला गेली. नाशिककडची गाडी अर्धा तास अडकली. मी त्या गाडीत होतो. अशा जनावराचे वर्गीकरण वाहन, पाळीव पशू की वन्यप्राणी यांपैकी कशात होते आणि त्यानुसार कोणती कारवाई करणार, अशी विचारणा मी संबंधित कार्यालयाकडे केली. आठवड्याने ती माझ्या दारात उभी राहिली.

“नाना, माझ्या नावानं तक्रार तुमी लिवली?”

मी म्हटले, होय.

“मग तिचा उत्तर पण तुमीच लिवा. माझा अक्षर बरा नाय.”

पक्षकाराला आपली बाजू मांडण्याचा हक्क असतो, म्हणून मी लिहून दिले. ती समोर बसून शेंगा खात होती आणि मधून मधून ‘अजून जरा कडक’ असे सुचवत होती. ते उत्तर इतके बिनतोड झाले की मला माझी तक्रार मागे घ्यावी लागली. त्या दिवसापासून ती मला स्वतःचा वकील समजू लागली, फी म्हणून दर खेपेला करवंदे आणून देऊ लागली.

डोंगराखालच्या पाड्यांत मोबाइलला रेंज नाही. वैजूला वर गेल्यावर रेंज मिळे. त्यामुळे ती निघाली की घराघरांतून फोन गोळा होत. पोवळ्याच्या गळ्यातल्या पिशवीत ते भरायचे, वरून एक घिरटी घालायची, आणि सगळ्यांचे अडकलेले निरोप एकदम सुटायचे. आलेले निरोप घेऊन ती उतरायची. कुणाला लेक झाली, कुणाच्या पोराला कंपनीत बोलावले, हे ती खाली येता येताच ओरडून सांगे. एखादा निरोप खासगी असू शकतो, हे मी तिला समजावले. ती म्हणाली की खासगी असता तर लोकांनी तिच्या हाती दिला नसता.

युद्ध पेटल्यावर दोन्ही गाद्यांनी पहिला हात जनावरांवर टाकला. शेतकऱ्याची अवजारे, औताची जनावरे आणि बियाणे यांना दिवाणी हुकूमनाम्याखालीही जप्ती लागत नाही. मग राजाच्या लहरीखाली ती कशी लागते, असे मी माहुलीला आणि सिद्धगडाला एकाच मजकुराची दोन पत्रे लिहून विचारले. माहुलीने पत्र परत पाठवले. सिद्धगडाने पत्रही ठेवून घेतले आणि जनावरेही. वैजूला पोवळ्यासह सैन्यात नोंदवले गेले. खरे सांगायचे तर तिला आनंद झाला. अखेर कोणीतरी उंची न मोजता तिला भरती केले होते. पट्ट्यांच्या विजारीवर तिने पितळी बिल्ला लावला आणि तो चिंचेने घासून लखलखीत ठेवला.

मार्गशीर्षात भाताची झोडणी चालू असताना सिद्धगडच्या किल्लेदाराने तिला पहिला हुकूम दिला: नदीपलीकडच्या शहापुरी गावातली खळी जाळून यावे. वैजूने सलाम ठोकला आणि उडाली. तासाभराने परत आली. खळी शाबूत होती. त्यावर जी चौकशी बसली तिला तिचा मदतनीस म्हणून मी हजर होतो, त्यामुळे पुढचे संभाषण मी स्वतःच्या कानांनी ऐकलेले आहे.

किल्लेदाराने विचारले, “हुकूम मोडलास?”

“नाय साहेब. गेलते ना मी. खळ्यावर उतरले, मावशी भात वारवत होती. तिला बोल्ले, मावशी, तुमचा खळा जाळायचा हुकूम हाय, लावू का?”

“आणि?”

“ती नको बोल्ली.”

खोलीत कोणी हसले नाही, कारण किल्लेदाराचा चेहरा हसण्यासारखा नव्हता. वैजूने मात्र प्रामाणिकपणे पुढेही सांगितले की मावशीने भाकरी आणि सुकटीची चटणी दिली, आणि तिखट जरा जास्त होते. तिला तो विनोद वाटत नव्हता. मालकाने ‘लाव’ म्हटल्याखेरीज पोवळ्या पेटत नाही, मालकीण नको म्हणाली, विषय संपला. मी उठून मांडले की अखंड चालत आलेल्या रूढीला कायद्याचे बळ असते, आणि हुकुमात ही रूढी स्थगित केल्याचा उल्लेख नाही. किल्लेदार म्हणाला की युद्धात कायदा झोपलेला असतो. मी म्हणालो, मग त्याला जागे ठेवणारी एक मुलगी आपल्या सैन्यात आहे याचा आपण अभिमान बाळगावा. मला बाहेर काढण्यात आले.

तिचा बिल्ला काढून घेतला. पोवळ्याला दुसरा स्वार द्यायचा प्रयत्न झाला, पण त्याच्या पाठीवर दुसरे कोणी बसले की तो धुळीत लोळायचा. अखेर ‘निरुपयोगी’ असा शेरा मारून त्याला तिच्याबरोबरच हाकलले. पायथ्यापर्यंत ती विजारीवरची बिल्ल्याची जागा चाचपत उतरली. मग म्हणाली, “बिल्ला भारी होता, नाना.” तेवढ्यापुरता तिचा आवाज लहान झाला होता. घरी पोचेपर्यंत तिने तो पुन्हा मोठा केला.

हिवाळाभर दोन्ही बाजूंनी जे केले त्याचे वर्णन मी करणार नाही. राखेच्या शेतांवर झोपणारी जनावरे माणसांच्या घरांवर सोडली गेली. ती ऐकेनात म्हणून त्यांच्या डोळ्यांवर कातडी झापडे शिवली, म्हणजे खाली शेत आहे की घर हे दिसू नये, आणि मालकाच्या शब्दाऐवजी अंकुशाच्या टोचणीवर त्यांना तोंड उघडायला लावले. वैशाखात एका दुपारी मुरबाडला माझा फोन वाजला. बहीण होती. ती इतकेच म्हणाली, “दादा, उद्या सकाळी माहुलीची मोठी जनावरं तुमच्या डोंगराकडे निघतायत. झापडं शिवायला आमच्याच आळीतल्या बायका बसवल्यात. मी पण शिवली.” आणि तिने फोन ठेवला.

सिद्धगडाची सगळी जनावरे किल्लेदाराने कल्याणच्या रस्त्यावर नेली होती. पायथ्याच्या पाड्यांजवळ संरक्षणाला काहीही नव्हते. उतारावर गुडघाभर वाळलेले गवत, गवतापुढे कुडाची घरे, घरांत म्हातारी माणसे आणि पोरे. मी जीप धरली आणि पाडा गाठला.

शाळेच्या अंगणात लोक जमले. पळावे तर कुठे, हाच प्रश्न होता. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला माहुलीच्या चौक्या. पोवळ्याला लढायला पाठवा, असे एकजण म्हणाला आणि पोवळ्या त्या वेळी अंगणातल्या नळाला तोंड लावून पाणी पीत होता, तेव्हा तो विषय तिथेच थांबला. वैजू माझ्याकडे वळली. बहिणीचे शब्द मला तिने पुन्हा सांगायला लावले.

“डोळे बांधल्यात. नाक?”

मी म्हटले, नाकाचे काही बोलली नाही.

“नाक बांधायचा कसा,” ती म्हणाली. “नाक बांधला तर विस्तव फुकायला जनावर दम घेईल कुठून.”

मग तिने आपला बेत सांगितला. गावाभोवतीचा सगळा उतार आपणच आज भाजून काढायचा. आणि घरोघरचे भाताचे बियाणे भिजवून त्या राखेवर टाकायचे. सगळे.

हा जुगार किती मोठा होता, हे भात न पिकवणाऱ्याला कळणार नाही. कोरडे बियाणे पोत्यात वर्षभर टिकते. एकदा भिजले की त्याला मोड येतो. ते परत पोत्यात जात नाही. पावसाला अजून अवकाश होता. ती जनावरे वास विसरली असतील तर घरे जातील. ती बसली तरी पेरणीला दाणा उरणार नाही. धर्माबाबा म्हणून पाड्यातला सर्वांत जुना शेतकरी होता, तो काठी टेकत उठला.

“पोरी, भरतीत तुझी उंचीच मोजलेली ना? अक्कल मोजायची राहिली वाटतं.”

वैजू म्हणाली, “बाबा, घर जळल्यावर बियाना कुठं ठेवशील? टोपीत?”

 धर्माबाबाने टोपी काढून आत पाहिले, पुन्हा डोक्यावर ठेवली, आणि सुनेला हाक मारून पहिले पोते नळाखाली आणायला सांगितले.

वेळ दुपारपासून सूर्यास्तापर्यंतचा होता आणि मी घाईत होतो. वैजू नव्हती. ती प्रत्येक उताराच्या मालकासमोर पोवळ्याला उभे करी, ‘लावू का?’ विचारी, मालक ‘लाव’ म्हणे, आणि मग ती मंद आग वाऱ्याच्या उलट सरकू लागे. माणसे ओली पोती आणि हिरव्या फांद्या घेऊन कडेने चालत. असे करत सगळा उतार काळा झाला, आणि खिंडीच्या तोंडाचा एक माळ उरला. तोच सर्वांत महत्त्वाचा, कारण जनावरे खिंडीतूनच येणार. तो माळ बाळूचा. बाळू शहापूरकडे सासुरवाडीला राहायला गेला होता आणि आता माहुलीच्या सैन्यात स्वार होता. उद्या येणाऱ्यांत तो असणार, हे सगळ्यांना ठाऊक होते.

मी म्हटले की अशा प्रसंगी संमतीची गरज नाही. जीव वाचवण्यासाठी दुसऱ्याच्या मालमत्तेला हात लावणे कायद्याला मान्य आहे, मी लेखी देतो.

“नाना, किल्लेदारासमोर रूढी रूढी तुमीच बोल्लात. ती रूढी आज सुट्टीवर गेली काय?”

मी चिडलो. शत्रूच्या स्वाराला आपला बेत कळवणे याला फितुरी म्हणतात, हे मी तिला त्या शब्दांत सुनावले. ती ऐकून घेऊन म्हणाली, “माळ त्याचा हाय,” आणि बाळूला फोन लावायला वर गेली.

आम्ही खाली माना वर करून उभे होतो. ती लाल ठिपक्याएवढी दिसत होती आणि एका जागी घिरट्या घालत होती. बाळूची आई माझ्या शेजारी उभी होती. ती पदराचे टोक पिळत राहिली. वैजू उतरली तेव्हा तिची वेणी पार सुटलेली होती आणि तिने ती विंचरली नाही.

“इचारला, कशाला लावतंस? मी सांगितला, सगळा सांगितला.  मग बोल्ला, आई घरात हाय ना?”

“आणि?” मी विचारले.

“लाव बोल्ला.”

सकाळी आम्ही सगळे शाळेत होतो. बाहेर उतारभर राख, राखेवर भिजलेले भात, आणि उन्हे चढतील तसा त्याचा आंबूस वास हवेत भरत होता. वैजू एकटी अंगणाच्या मध्यभागी, कमरेला ओले पोते, शेजारी म्हशीएवढा पोवळ्या. मी खिडकीत होतो. घाबरलो नव्हतो असे मी शपथेवर सांगू शकणार नाही.

माहुलीची जनावरे खिंडीतून आली. चार होती, एकेक घराएवढे, डोळ्यांवर काळी झापडे, घशाखाली विस्तवाची धग दिसत होती. पहिले बाळूच्या माळावर आले आणि हवेतच डगमगले. त्याच्या नाकपुड्या फुलल्या. स्वाराने अंकुश मारला. त्याने पंख आवळले आणि ते दगडासारखे खाली येऊन राखेत बसले. दुसरे त्याच्या मागोमाग. तिसरे पुढे निघून गेले, वळले, आणि आपल्या सोबत्यांशेजारी येऊन टेकले. चौथे सर्वांत मोठे होते. ते सरळ शाळेवर आले. त्याचे तोंड उघडे होते आणि आतला लाल विस्तव मला खिडकीतून दिसला. स्वार अंकुशावर अंकुश मारत होता. मग ते तोंड मिटले. इतक्या जोरात मिटले की दातांचा आवाज डोंगरावरून परत आला. शाळेच्या अंगणात, वैजूपासून हातभर अंतरावर, ते प्रचंड जनावर बसले आणि त्याने मान जमिनीला टेकवली.

 पहिल्या जनावरावरून एक स्वार उतरला. तो बाळू. त्याने वाकून राखेतला एक दाणा उचलला, चावून पाहिला आणि मागच्यांना हाक दिली, “पेरलाय रे. उतरा खाली.” त्यांच्या नायकाचा आवाज जनावरांच्या पाठीवरच्या बिनतारी यंत्रातून खरखरत राहिला, पण स्वार खाली उतरले होते. वैजू एकेका जनावराच्या डोक्यावर चढून झापडे कापत होती. धर्माबाबा काठी टेकत बाळूसमोर जाऊन उभा राहिला. म्हणाला, “आलास व्हय, शत्रू? चहा घेशील का?”

त्यानंतर जे झाले ते गाद्यांच्या इतिहासात वेगळे लिहिले जाईल, म्हणून इथे नोंदवतो. त्याच सकाळी पाड्यातले सगळे फोन पिशवीत भरून वैजू वर गेली आणि दोन्ही तालुक्यांत, ज्यांना ओळखत होती त्या प्रत्येकाला, एकच निरोप सुटला: भात भिजवा. शहापूरच्या गावांनाही. त्यामुळे कल्याणच्या रस्त्यावरून तिकडे वळवलेली सिद्धगडाची जनावरेही शहापुरी गावांसमोर तशीच बसली. किल्लेदाराने तिला फितूर म्हटले. मी त्याला कळवले की गावे वाचवण्याचा उपाय दोन्ही पक्षांना सारखाच देणे याला फितुरी नव्हे, न्याय म्हणतात. बसलेल्या जनावरांवर राज्य चालत नाही. पंधरवड्यात दोन्ही पुतण्यांना एका मंडपात बसून तह करावा लागला. आणि आमच्या पाड्यांची पेरणी अडली नाही. पावसाआधी शहापूरहून जीपा आल्या, बियाण्याची पोती घेऊन. पहिल्या जीपमध्ये पुढच्या सीटवर माझी बहीण बसली होती.

तहात एक प्रश्न लोंबकळत राहिला. पकडलेली जनावरे कोणाची? दोन्ही गाद्यांनी त्यांवर युद्धातली मालमत्ता म्हणून हक्क सांगितला. मी सविस्तर म्हणणे तयार केले. वैजूने ते ऐकूनही घेतले नाही.

एसटी सुरू झाल्यावर मी बहिणीकडे गेलो होतो. भातसानगरच्या पलीकडे, धरणाच्या काठी, त्यांची शेती आहे. सकाळी बांधावर उभा असताना लोक वर पाहू लागले. धरणाच्या पाण्यावरून एक रांग येत होती. पुढे लहानसा लाल पोवळ्या, त्यामागे मोठी जनावरे, डोळे मोकळे. एकेकाला त्याच्या मालकाच्या शेतात उतरवत वैजू येत होती. कोणाच्याही निकालाची वाट न पाहता.

सर्वांत मोठे जनावर शेजारच्या शेतात उतरले. त्याचा मालक म्हातारा होता. जनावर ओढून नेलेले, म्हणून यंदाचा रचलेला राब त्याने भाजला नव्हता, तो तसाच पडून होता. लोक मागे सरले. या जनावराने किती घरे जाळली होती हे सगळ्यांना माहीत होते. म्हातारा बांधावरून पुढे येईना. वैजू पोवळ्यावरूनच म्हणाली, “मामा, तुमचा हाय तो. बोला त्याला.” म्हाताऱ्याने हळूच ‘लाव’ म्हटले. जनावराने मान जमिनीपर्यंत नेली, आणि त्या अजस्र तोंडातून बोटभर उंचीची निळसर आग बाहेर आली, पातेऱ्यावरून पातेऱ्यावर सरकत, वाऱ्याच्या उलट, बांधापाशी येऊन विझली. म्हातारा बांधावर बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून हसू लागला.

वैजूने इकडेतिकडे पाहिले. सगळे पाहत आहेत याची खात्री करून घेतली, बहिणीच्या नातीला डाव्या बाजूने फोटो काढायला लावला, आणि उडाली. तशी ते मोठे जनावर उठले. एवढे महिने कोणाच्या तरी मागे उडायची त्याला सवय लागली होती. पंख पसरून ते तिच्यामागे निघाले. म्हातारा हसायचा थांबला.

ती वळली. पोवळ्याला त्याच्या नाकासमोर आणून उभे केले आणि अख्ख्या धरणाला ऐकू जाईल अशा आवाजात त्याला म्हणाली, “कुठं चाललास? घर हाय तुझा हा. बस.”

ते बसले. ती उरलेली रांग घेऊन पाण्यावरून पुढच्या गावाकडे गेली. मी तिला शेवटचे पाहिले ते तेव्हा.